दर्सोला जाऊ दे

त्रेसष्ट जणांनी आमचा गेम खेळून पाहिला आणि त्यातल्या एकसष्ट जणांनी दर्सोला मरायला पाठवलं. उरलेल्या दोघांपैकी एकाच्या दोन्ही हातांत केळ्याची भजी होती आणि दुसरीला ऐन वेळी शिंक आली. म्हणजे मनापासून त्याला वाचवणारं कुणीच नाही.

हा आकडा फळ्यावर लिहिला गेला तेव्हा हार्योने टाळ्या वाजवल्या. "बघा, जमलं आपलं! लोक घाबरतायत."

मला ते घाबरणं वाटेना. खेळणाऱ्यांच्या मागे खुर्ची टाकून मीच तर बसलेली असायचे. दर्सोला पाठवताना त्यांच्या चेहऱ्यावर भीती नसायची. जेवण झाल्यावर ताट उचलून मोरीत ठेवावं, तसं ते बटण दाबायचे.

आमचा स्टुडिओ म्हणजे मलांग शहरातलं एक भाड्याचं बैठं घर. हार्यो मालक आणि दिग्दर्शक. योसाफात, म्हणजे आमचा को योसा, संगणकाचं सगळं बघायचा. चित्रं काढणाऱ्या दोघी होत्या, आणि गोष्ट लिहिणारी मी, वेनिंग. गोष्ट होती एका बंद पडलेल्या साखर कारखान्याची. आमच्याकडे गाळप सुरू करण्याआधी उसाच्या दोन कांड्यांचं लग्न लावतात. या कारखान्यात एका वर्षी ते लग्न लागलं नाही आणि तेव्हापासून तिथली यंत्रं नवरदेव शोधतायत. कॉलेजची पाच मुलं तिथे अडकतात. दर्सो हा तिथला म्हातारा रखवालदार.

गोष्टीच्या मध्यावर एक जागा येते. बॉयलरची वाफ सुटलेली असते, लोखंडी दार मिटत आलेलं असतं आणि कुणीतरी आत जाऊन झडप फिरवायला हवी असते. दर्सो म्हणतो, "मी जातो." पडद्यावर दोन ओळी उमटतात : 'दर्सोला जाऊ दे' आणि 'दर्सोला थांबव'. वेळ चार सेकंद. तो गेला तर परत येत नाही, पण मुलांना बाहेरची वाट मोकळी होते. थांबवला तर तो जगतो आणि मुलांचं काही खरं नसतं. सगळे वाचतील अशी वाट मी ठेवलीच नव्हती. चार सेकंदांत काहीच दाबलं नाही तर तो थांबतो, असं को योसाने करून ठेवलं होतं. का, तर "काहीतरी एक ठरवून ठेवावंच लागतं."

मी एकेकाला विचारायला लागले. का पाठवलंस त्याला?

"म्बाक, तो स्वतःच म्हणाला ना जातो म्हणून!"

"म्हातारा आहे हो. असल्या गेममध्ये म्हातारे मरायलाच असतात."

"तो फार चांगला वागत होता. तेव्हाच कळलं मला, हा जाणार."

एक मुलगी म्हणाली, "खरं सांगू? तो आहे हे मी विसरूनच गेले होते. 'मी जातो' म्हणाला तेव्हा आठवला."

हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलं आणि त्याच्याखाली दोनदा रेघ ओढली.

दर्सोचा चेहरा आणि आवाज होता चाक् मार्कुवत यांचा; चाक् म्हणजे आमच्याकडे दादा. वय त्रेसष्ट. पूर्वी गावोगावच्या लुद्रुक नाटकांत काम करायचे, तरुणपणी नायिकाच व्हायचे. नाटक मंडळी मोडली तेव्हापासून बाजाराच्या मागच्या बाजूला केस कापायचं दुकान चालवत होते. ते मला 'निंग' म्हणत. आमच्याकडे लेकीबाळींना तसं म्हणतातच, आणि माझ्या नावाचं शेपूटही तेच. खेळणारा चुकला की दर्सो वाटेत कुठेही मरू शकायचा, म्हणून त्यांनी अकरा प्रकारचं मरण रेकॉर्ड करून दिलं होतं : भाजून, गुदमरून, रुळांत सापडून, मळीच्या टाकीत बुडून. प्रत्येक मरणाआधी विचारायचे, "निंग, हा अचानक मरतो की त्याला कळतं?" मी 'कळतं' म्हणाले की पाणी मागायचे.

एका आवाजात खरखर आली होती म्हणून त्यांना पुन्हा बोलावलं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांना मोटरसायकल चालवायची बंदी होती, त्यामुळे त्यांची बायको बू रुकियाती त्यांना मागे बसवून घेऊन आल्या. हेल्मेट काखेत, हातात सोयाबीनच्या तेंपेच्या कापांची पिशवी. रेकॉर्डिंग दहा मिनिटांत उरकलं. चाक् चहा पीत बसले आणि बू पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हे तुम्ही का?"

"मग कोण?"

"नाक केवढं केलंय!"

"नाक तेवढंच आहे. तू कधी बघितलंस?"

बू हसल्या नाहीत. वाकून पडद्यातल्या दर्सोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला खेळायचंय."

हार्योला आनंद झाला. साठीच्या बाईने आमचा गेम खेळल्याची नोंद आमच्याकडे नव्हतीच. मी त्यांच्या हातात कंट्रोलर दिला.

"हा उलटा धरला तर काय होतं?"

"काही नाही, बू. फक्त गेम चालणार नाही."

पहिला अर्धा तास त्या भिंतींना धडकत होत्या. पुढे हात बसला. मी खूप जणांना खेळताना पाहिलंय, पण असं खेळताना कुणाला पाहिलं नव्हतं. बाकीचे पुढची खोली, पुढची किल्ली शोधत धावतात. बू दोन पावलं पुढे गेल्या की मागे वळून दर्सो येतोय ना ते बघत होत्या. तो मागे राहिला की थांबत होत्या. मुलांपैकी एक जण ओरडत होता, "लवकर चला, ते आलं!" आणि बू पडद्याला सांगत होत्या, "थांब रे, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे."

"माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही," चाक् म्हणाले.

वाफेची जागा आली. दर्सोने तोंड उघडलं आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच बूंनी 'थांबव'चं बटण दाबायला सुरुवात केली. ओळी उमटायच्या आधी तीनदा, उमटल्यावर एकदा.

मग मुलं मरायला लागली. एक रुळांत गेला, एक चिमणीवरून पडली. दर वेळी बू "अरेरे" म्हणायच्या, पलीकडच्या गल्लीतली बातमी कानावर यावी तसं. पाचही गेली. शेवटी कारखान्याच्या फाटकाशी दर्सो एकटाच बसलेला दिसला आणि पडद्यावर नावं सरकायला लागली.

बूंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "आटपलं?"

"हो."

"हे जिवंत आहेत ना? मग झालं."

हार्योला राहवेना. "पण बू, पाच पोरं गेली हो!"

"दिसलं मला. डोळे आहेत."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं तर. पण हे घरी येणार आहेत की नाही? आता यांना घरी जाऊ दे."

चाक् उठून आले. "मला दे. त्याच जागेपासून लाव, निंग." मी लावलं. दर्सो म्हणाला, "मी जातो," आणि चाक्नी 'जाऊ दे' दाबलं. शांतपणे, चार सेकंदांतलं पहिलंच सेकंद. दार मिटलं. आतून त्यांचाच आवाज आला, त्यांनीच दोन महिन्यांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून काढलेला.

"मी असाच आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे तुम्ही कसे आहात ते."

बूंनी तिथेच घरात हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा लावला आणि बाहेर जाऊन मोटरसायकल सुरू केली. चाक्नी चहाचा शेवटचा घोट सावकाश घेतला. "आता रस्ताभर गचके देणार ही," असं म्हणून ते गेले.

को योसाने बूंचा खेळ नोंदवला. चौसष्टातली पहिली, जिने हात आणि डोकं दोन्ही ठिकाणावर असताना दर्सोला वाचवलं.

मला चैन पडेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दुकानात गेले. चाक् बाजारात ब्लेड आणायला गेले होते. बू खुर्चीखालचे केस झाडत होत्या. मी सरळ विचारलं, "बू, पाच मुलं मरताना दिसत होती, तरी तुमचा हात एकदाही थरथरला नाही. का?"

त्या झाडत राहिल्या. मग बोलल्या, तेही केराकडे बघत.

"आम्ही आधी वर न्गांतांगला राहायचो. दोन गाई होत्या. केलुद ज्वालामुखी फुटला तेव्हाची गोष्ट. वरून दगड पडत होते, राख पडत होती, सैन्याचा ट्रक आला, आम्ही चढलो. मी, मुलगी, हे. पुजोनला पोचल्यावर मी मागे हात केला, तर हे नाहीत. शेजारच्या म्बाह सारिपाह ट्रकमध्ये दिसल्या नाहीत म्हणून हे उतरले होते. मला न सांगता. दीड दिवस, निंग. दीड दिवसाने आले, नखशिखांत करडे, सिमेंटचा पुतळा चालत यावा तसे. म्हातारी पाठीवर."

"वाचल्या त्या?"

"चांगली चार वर्षं जगली! दर लेबारानच्या ईदला आमच्याकडे केळ्यांचा घड पाठवायची. मी एक केळं खाल्लं नाही त्यातलं. सगळी शेजाऱ्यांना."

त्यांनी सुपली आपटली.

"लोक म्हणतात, केवढा मोठा माणूस तुझा नवरा. आहेच. पण तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या त्या खेळात विचारतात. दोन ओळी येतात, वेळ देतात. मग मी माझं उत्तर दिलं. चुकलं का?"

मी 'नाही' म्हणाले. खरं तर चुकलं की नाही हे मला ठरवताच येत नव्हतं, आणि म्हणूनच मी घाईघाईने स्टुडिओत परत आले. मी दर्सोला तीस वर्षांची नोकरी दिली होती, गुडघे दिले होते, चुटके दिले होते. घर दिलं नव्हतं. त्याची वाट बघणारं कुणी आहे, हे खेळणाऱ्याला कळायला जागाच नव्हती.

मी एक नवा प्रसंग लिहिला. वाफ सुटण्याच्या थोडं आधी कारखान्याच्या ऑफिसातला जुना फोन वाजतो. दर्सोची बायको असते. हार्योने कपाळावर हात मारला. "भूत मागे लागलंय आणि तू बायकोचा फोन आणतेस? सगळा वेग जाईल!"

"जाऊ दे. एकदा करून बघू. नाही जमलं तर काढू."

बायकोचा आवाज द्यायला बू तयार झाल्या, फारसे आढेवेढे न घेता. चाक् पुढच्या खोलीत बसले, बू मागच्या. दोघांच्या कानांवर हेडफोन, मध्ये भिंत. मी लिहिलेलं वाक्य होतं, "लवकर या हो, रावोनचा रस्सा गार होतोय."

बूंनी वाचलं. मग कागद खाली ठेवला. "हे मी म्हणणार नाही."

"का, बू?"

"हिला काही माहीतच नाही असं का लिहिलंस? बायकोला कळतं. आवाजावरून कळतं." त्या माईककडे वळल्या. मला वाटलं वाक्य बदलून बघणार आहेत, म्हणून मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं.

"ट्रकमधून उतरलात, तेव्हा मला का सांगितलं नाहीत?"

पुढच्या खोलीतून चाक्चा आवाज आला, दर्सोचा नव्हे, त्यांचा.

"उतरलो हे मला उतरल्यावर कळलं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ट्रक निघून गेला आणि मी खाली होतो. ठरवलं वगैरे काही नाही गं. ही पोरं चार सेकंद देतात. मला तेवढीसुद्धा नव्हती."

"मी आठवले नाही?"

"नाही."

"पोर?"

"नाही. खोटं सांगू का?"

"सांगितलं असतंत तर बिघडलं नसतं काही." बूंचा आवाज चढला. "दहा वर्षं मी समजतेय की तुम्ही मला आणि त्या म्हातारीला तागडीत घालून बघितलंत आणि तिचं पारडं जड झालं!"

"तागडी कुठून आणू त्या राखेत?"

माझ्या शेजारी हार्यो उभा होता. त्याने वाकून रेकॉर्डिंग चालू आहे ना ते बघितलं.

"मग हे आधी का नाही बोललात?" बू म्हणाल्या.

"तू कधी विचारलंस? केळी तेवढी वाटत सुटलीस."

बूंच्या तोंडून एक आवाज निघाला. हसणं होतं की रडणं, ते अजूनही मला ती फीत ऐकून सांगता येत नाही. बूंनी हेडफोन काढला, नाक पुसलं आणि विचारलं, "हे सगळं आत गेलं का?"

"गेलं. पुसून टाकू?"

दोघं बाहेर मोटरसायकलपाशी जाऊन बोलले. खिडकीतून मला नुसते हातवारे दिसत होते. परत आल्यावर बू म्हणाल्या, "माझा प्रश्न वापर. ट्रकच्या जागी दुसरं काही म्हणते हवं तर. त्यांचं उत्तर नाही वापरायचं. ते माझं आहे."

"आणि ते चार सेकंदांचं उलटं करा," चाक् म्हणाले. "काही दाबलं नाही तर म्हातारा थांबतो म्हणता. असा थांबत नसतो तो. त्याला धरावं लागतं."

तसंच केलं. आता गेममध्ये फोन वाजतो, बायको विचारते, "कुठे जायचं ठरवलंय तुम्ही, मला न सांगता?" दर्सो काहीच न बोलता फोन ठेवतो. पुढे वाफेची जागा येते, आणि खेळणारा नुसता बसून राहिला तर दर्सो आपणहून निघून जातो.

पन्नास नवे खेळणारे बोलावले. तेवीस जणांनी त्याला थांबवलं. हार्यो फळ्यासमोर उभा राहून दाढी खाजवत राहिला. को योसा म्हणाला, "यात काही विशेष नाही. लोकांना बटण दाबायचं असतं. आधी दाबलं की जायचा, आता दाबलं की थांबतो."

"आधीही थांबवायचं बटण होतंच की."

"होतं. पण घाईत माणूस वरची ओळ दाबतो."

"मग फोन ऐकल्यावर सहा जणांनी हेडफोन काढून का ठेवला?"

"कान दुखले असतील," को योसा म्हणाला. पण त्याने तो आकडा पुसला नाही. फोनशिवाय आणि फोनसह असे दोन्ही प्रकार पुन्हा खेळवून बघायचं आम्ही ठरवलं. ते राहूनच गेलं, कारण गेम बाजारात आणायची तारीख आली. त्यामुळे कुणाचं खरं होतं ते मला आजही माहीत नाही.

गेम बऱ्यापैकी चालला. मलांगमध्ये तर दर्सो कोण हे पोरांनी आठवड्याभरात शोधून काढलं आणि चाक्च्या दुकानासमोर मोटरसायकली लागायला लागल्या. मी एकदा दुपारी गेले तेव्हा बाकावर चौघे जण बसले होते. केस कुणाचेच फारसे वाढलेले नव्हते.

खुर्चीतला मुलगा आरशात चाक्कडे बघत म्हणत होता, "माफ करा चाक्, मी तुम्हाला दोनदा मारलं."

"दोनदाच? काल एक आला होता, त्याने सातदा मारलं. अकराच्या अकरा मरणं बघायची होती त्याला."

"मी थांबवलं होतं," बाकावरचा एक हडकुळा पोरगा म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. बू मागच्या दारातून टॉवेल घेऊन येत होत्या, त्या थबकल्या.

"का थांबवलंस?" त्यांनी विचारलं.

तो लाजला. "चाक्साठी नाही, बू. फोनवर तुम्ही विचारलंत ना... ते गेले असते तर तुम्हाला सांगायला मला जावं लागलं असतं, असं वाटलं."

"अरे, तो खेळ होता. कोण सांगायला येणार होतं?"

"ते कळतं हो. तरी वाटलं."

बाकीचे हसले. बू हसल्या नाहीत. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकून त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्याच्या समोर बसल्या.

"मग त्या पोरांचं काय झालं?"

"चार गेली. लारास तेवढी वाचली."

"त्यांच्या घरी कोण सांगणार, हे नाही मनात आलं?"

हे त्याच्या मनात आलंच नव्हतं, स्पष्ट दिसत होतं. "त्यांच्या घरून फोन आला नव्हता, बू," तो म्हणाला.

बूंनी माझ्याकडे पाहिलं, मी वही आणलीय का ते बघायला. आणली होती.

"पहिल्यापासून सांग," त्या त्याला म्हणाल्या. "फाटकातून आत शिरलास तिथपासून."

"आणि तू मान हलवू नकोस," चाक् खुर्चीतल्याला म्हणाले.